कुलीन कुजीची वाइन : तोकायच्या तीन आणि सोतेर्नच्या एका बाटलीचे परीक्षण

ऑक्टोबरच्या अखेरीस हंगेरीतल्या तोकाय या वाइनप्रदेशात माद या गावाबाहेरच्या एका द्राक्षबागेत माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, एका घडापुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. निफाडला आमची बाग मांडवावर आहे, त्यामुळे घड पाहायचा तर मान वर करावी लागते. इथल्या वेली मात्र छातीएवढ्या आणि घड गुडघ्याच्या उंचीवर. त्या एकाच घडात तीन तऱ्हेचे मणी होते : काही पिवळसर आणि ठणठणीत, काही जांभळट-तपकिरी पडलेले पण अजून टम्म, आणि काही मनुक्यासारखे आक्रसलेले, ज्यांच्या सालीवर चुलीतल्या राखेसारखी बारीक लव उठली होती. नानांनी एक आक्रसलेला मणी बोटांत चिरडला, वास घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर कूज आहे. आपल्याकडं असा एक घड दिसला असता तर रातोरात आख्खा प्लॉट फवारून काढला असता." बाग दाखवणाऱ्या बाईंनी खुणेनेच त्यांना तो मणी खायला सांगितला. नानांनी दुसरा मणी तोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि म्हणाले, "हा बेदाणा नाही. बेदाण्यात नुसती साखर उरती. ह्यात आंबट तसंच राहिलंय."

पुढे मी चार बाटल्यांविषयी जे लिहिणार आहे त्याचे मर्म नानांच्या या शेरेबाजीत आधीच आले आहे. या वाइनची ओळख 'गोड वाइन' अशी करून दिली जाते आणि दुकानातही ती 'डेझर्ट वाइन' या पाटीखाली ठेवलेली असते. परंतु तिची किंमत आपण गोडीसाठी मोजत नसून त्या गोडीला पेलून धरणाऱ्या आंबटपणासाठी मोजत असतो, हे कळेपर्यंत माझ्या हातून दोन-तीन चुकीच्या खरेद्या झाल्या होत्या. मी गेली काही वर्षे बुडापेस्टमध्ये नोकरीनिमित्त राहते; नाना या दिवाळीत प्रथमच माझ्याकडे आले होते. ते माळकरी आहेत, दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. तरीही बाग पाहायला मिळणार म्हटल्यावर ते आनंदाने आले, आणि चाखणीच्या टेबलावर पेल्यांचा नुसता वास घेऊन त्यांनी जे सांगितले ते माझ्या टिपणांपेक्षा अधिक नेमके निघाले.

ज्या बुरशीमुळे हे सारे घडते तिचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. आपल्याकडच्या बागायतदाराला भुरी, डावणी आणि करपा यांच्या जोडीने हीही शत्रू म्हणूनच ठाऊक आहे आणि बहुतेक वेळा ती शत्रूसारखीच वागते. मणी कच्चे असताना, पाऊस लागून राहिला असताना किंवा साल तडकलेली असताना ती शिरली तर राखाडी कूज होते, तिच्या पाठोपाठ इतर बुरश्या आणि आंबवणारे जिवाणू येतात, आणि घडाला शिरक्यासारखा वास येऊ लागतो. मात्र मणी पूर्ण पिकलेले असले, साल धड असली, सकाळी धुके आणि दुपारी लख्ख कोरडे ऊन असा खेळ आठवडेच्या आठवडे चालला, तर हीच बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडून थांबते आणि त्या छिद्रांतून मण्यातले पाणी दुपारच्या उन्हात उडून जाते. बुरशी स्वतः काही साखर आणि काही आम्ल खाते. पण पाणी त्याहून कितीतरी जास्त जात असल्याने उरलेल्या रसात साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात, शिवाय ग्लिसरॉल तयार होऊन रसाला एक प्रकारचा गुळगुळीतपणा येतो. फ्रेंच आणि इंग्रज लोक या अवस्थेला 'कुलीन कूज' अशा अर्थाचे नाव देतात. बुरशी तीच, तिला कुलीन किंवा हलकी ठरवते ती केवळ हवा.

तोकायला ही हवा मिळते ती नद्यांमुळे. ईशान्य हंगेरीत बोद्रोग आणि तिसा या नद्यांचा संगम ज्या गावापाशी होतो त्याचे नाव तोकाय, आणि शरद ऋतूत या पाण्यावरून उठणारे धुके मागच्या ज्वालामुखीजन्य टेकड्यांवर सकाळभर रेंगाळते. बाटलीवरचे 'तोकायी' हे रूप वाचताना मला नेहमी गंमत वाटते, कारण हंगेरियन भाषेतला हा शेवटचा 'ई' आपल्या 'कोल्हापुरी' किंवा 'नागपुरी' मधल्या 'ई'चेच काम करतो : तोकायी म्हणजे तोकायची. या प्रदेशाच्या सीमा १७३७ च्या राजाज्ञेने आखून दिल्या गेल्या, २००२ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि हंगेरीच्या राष्ट्रगीतातही तोकायच्या वेलींवर देवाने अमृत ठिबकवल्याचा उल्लेख आहे. साम्यवादी राजवटीत सारा माल सरकारी तळघरांत एकत्र ओतला जाई आणि दर्जापेक्षा लिटर मोजले जात. १९९० नंतर परदेशी भांडवल आणि स्थानिक कुटुंबे असे दोघेही परतले, आणि आज आपण जी तोकायी पितो ती बव्हंशी त्यानंतरच्या तीन दशकांची कमाई आहे.

येथील मुख्य वाइनचे नाव असू, म्हणजे वाळलेली. ती बनवण्याची रीत जगावेगळी आहे आणि परीक्षणात ती सांगावीच लागते, कारण लेबलवरचा आकडा त्याशिवाय कळत नाही. कुजलेले, आक्रसलेले मणी घडातून एकेक करून हाताने वेचले जातात. बाग दाखवणाऱ्या बाईंच्या म्हणण्यानुसार तरबेज माणूसही दिवसाकाठी आठ-दहा किलोंपलीकडे जात नाही. हे ऐकून नाना इतकेच म्हणाले, "मग मजुरीच दारूपेक्षा महाग!" वेचलेले मणी नुसते पिळून भागत नाही, कारण त्यांत पिळण्याजोगा रस फारसा उरलेलाच नसतो. म्हणून ते ताज्या रसात, आंबत असलेल्या रसात किंवा तयार साध्या वाइनमध्ये काही तास ते दोन-अडीच दिवस भिजत घालतात आणि मग ते सगळे एकत्र पिळतात. बेदाणे भिजत घालून त्यांचे पाणी प्यायची आपली घरगुती सवय ज्यांना आहे त्यांना ही कल्पना सहज पटावी. पूर्वी हे मणी पाठीवर बांधायच्या लाकडी टोपल्यांनी मोजत. एका टोपल्यात, म्हणजे एका 'पुट्टोन्य'मध्ये, सुमारे २५ किलो मणी मावत, आणि गोन्त्स गावच्या १३६ लिटरच्या पिंपात अशी किती टोपली रिचवली त्यावरून वाइन तीन, चार, पाच किंवा सहा पुट्टोन्योश ठरे. आता टोपली कोणी मोजत नाही, साखर मोजतात. २०१३ च्या नियमांनी तीन आणि चार हे आकडे रद्दच केले. असू म्हणवून घ्यायचे तर लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते आणि सहाच्या आकड्यासाठी किमान १५० ग्रॅम. पिंपात किमान १८ महिने मुरणेही बंधनकारक आहे.

आता थोडे त्या चाखणीविषयी, कारण तिचेही परीक्षण करणे आवश्यक आहे. तळघराचे नाव मी देत नाही. ते एका कुटुंबाचे आहे, माणसे मनाने चांगली आहेत आणि वाइन उत्तम आहे. तळघर खडकात खोदलेले, आत बाराही महिने साधारण दहा-बारा अंश थंडावा, आणि भिंतींवर काळ्या मखमलीसारखी बुरशी इतकी जाड की नानांनी भिंतीला हात लावला तेव्हा बोटांचे ठसे उमटले. ही वेगळी बुरशी, क्लॅडोस्पोरियम सेलारे. ती पिंपांतून उडणाऱ्या मद्यार्काच्या वाफेवर जगते. इथपर्यंत सर्व उत्कृष्ट होते. त्यानंतर मात्र आम्हाला वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेण्यात आले, जिथे हीटर चालू होता, आणि तिथे अंगठ्याएवढ्या पेल्यांत वाइन ओतण्यात आली. गोड वाइन म्हणजे लिक्योर (गोड, कडक मद्य), आणि लिक्योर म्हणजे चिमुकला पेला, हा गैरसमज खुद्द ती वाइन बनवणाऱ्यांच्या घरी पाहून मला वाईट वाटले. पेला अरुंद आणि काठोकाठ भरलेला असला की वास वर येत नाही, आणि खोली गरम असली की साखर पुढे येऊन आंबटपणा मागे पडतो. मी विनंती करून साधे पांढऱ्या वाइनचे मोठे पेले मागून घेतले आणि बाटल्या दहा मिनिटे बाहेर थंडीत ठेवायला सांगितल्या; दोन्ही गोष्टी कुरकुर न करता झाल्या. पण मागितल्याशिवाय मिळायला हव्या होत्या.

पहिली बाटली सामोरोद्नीची. हा शब्द पोलिश आहे आणि त्याचा अर्थ 'जशी जन्मली तशी'. यात मणी वेचत नाहीत. धड आणि कुजलेले असे मिसळ घड सरसकट तोडून पिळतात. ज्या वर्षी कूज जास्त त्या वर्षी वाइन गोड होते, कमी असेल तर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, आणि लेबलवर तसे लिहिलेले असते. आम्ही घेतली ती गोड होती आणि किंमत सात हजार फोरिंट, म्हणजे रुपयांत साधारण सतराशे-अठराशे. रंग फिक्या सोन्याचा. वासात सुके जर्दाळू, संत्र्याची साल आणि पाठीमागे किंचित अक्रोड. तोंडात घेतल्यावर गोडी लगेच जाणवते, पण घोट गिळेपर्यंत ती ओसरते आणि जिभेच्या कडांना पिकलेल्या पेरूच्या गाभ्यासारखा हलका आंबटपणा उरतो. या प्रदेशात सामोरोद्नीला गरिबाची असू समजून बाजूला सारतात. मला ते अजिबात मान्य नाही. तीत धड मण्यांचा ताजेपणा असतो, जो असूत मुरण्याच्या नादात थोडा हरवतो, आणि जेवताना एकाऐवजी दोन पेले घेता येतील अशी या चारांतली ही एकमेव वाइन आहे.

दुसरी, पाच पुट्टोन्योशची असू, २०१७ सालची, अर्ध्या लिटरच्या बाटलीला अठरा हजार फोरिंट. ती प्रामुख्याने फुर्मिंट जातीची असून थोडी हार्शलेवेल्यू मिसळलेली होती. तांत्रिक पत्रकावर साखर लिटरमागे १४८ ग्रॅम दिली होती. या आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगते : साध्या कोलाच्या लिटरभरात सुमारे १०५ ग्रॅम साखर असते. म्हणजे ही वाइन कोलापेक्षा जवळजवळ दीडपट गोड आहे, आणि तरीही प्यायल्यावर तोंड चिकट होत नाही. याचे श्रेय फुर्मिंटला द्यावे लागेल. पूर्ण पिकल्यावरही ही जात आपले आम्ल सोडत नाही. मी पेला नाकाशी धरून मध, मुरांबा, केशर असे काहीबाही टिपत होते. नानांनी पेला हातात घेतला, दुरूनच एकदा हुंगला आणि म्हणाले, "मेथ्या. बाळंतिणीच्या लाडवातल्या, तुपात परतलेल्या." मी पुन्हा वास घेतला आणि त्यानंतर मला त्या पेल्यात मेथीखेरीज दुसरे काही येईना. घरी आल्यावर वाचले तेव्हा कळले की नानांचे नाक शास्त्राला धरून होते. कुलीन कुजीच्या वाइनमध्ये सोटोलॉन नावाचे एक सुगंधी द्रव्य असते, आणि मेथीदाण्यांचा जो खास वास आहे तो याच द्रव्याचा. युरोपीय लेखक त्याला 'करी'चा किंवा मसाल्याचा वास म्हणून मोकळे होतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्याचे नेमके नाव आधीपासून ठाऊक असते.

या वाइनची चव सांगायची तर सुरुवातीला जर्दाळूचा दाट मुरांबा, मध्ये ईडलिंबूसारखी धार, आणि शेवटी किंचित कडवटपणा, जो मेथ्यांचा की पिंपाच्या लाकडाचा हे मला ठरवता आले नाही. घोट गिळल्यानंतर मी घड्याळाकडे पाहिले. मिनिटभर चव तोंडात होती. अठरा हजार फोरिंट म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आसपास. ही रक्कम लहान नाही. परंतु एका बाटलीत साठ मिलिलिटरचे आठ पेले होतात आणि त्याहून जास्त कोणी एका बैठकीत पिऊ शकत नाही, हे लक्षात घेतले तर हिशोब तितका जड वाटत नाही.

तिसरी, सहा पुट्टोन्योश, त्याच सालची, सव्वीस हजार फोरिंट. रंगाने गडद, काकवीच्या अलीकडचा. साखर १९० ग्रॅम. वासात अंजीर, खजूर, केशर आणि अर्थात मेथ्या. ही वाइन भव्य आहे यात शंका नाही. प्रश्न फक्त तिच्याशी आपले जमते का इतकाच आहे. पहिला घोट घेतला तेव्हा मी गप्प झाले, दुसरा घेतला तेव्हा आणखी काही सुचले नाही, आणि तिसऱ्यानंतर मला पाण्याचा तांब्या हवासा वाटू लागला. आम्ल इथेही आहे, आकड्याने तर पाचपेक्षा किंचित जास्तच, पण साखरेने त्याच्यावर असे काही बस्तान बसवले आहे की ते वर यायला अजून दहा-पंधरा वर्षे लागतील असे बनवणाऱ्या बाईंचे मत पडले. मला ते पटले. ज्यांच्याकडे थंड अंधारी जागा आणि धीर दोन्ही आहे त्यांनी ती घ्यावी; आज रात्री उघडण्यासाठी आठ हजार फोरिंट जास्त देण्यात मला अर्थ दिसत नाही. आकडा मोठा म्हणजे वाइन श्रेष्ठ, हा समज दुकानदारांना सोयीचा आहे, इतकेच.

याच टेबलावर आम्हाला एसेन्सियाचा एक चमचा देऊ केला गेला. वेचलेले मणी टाकीत भरून ठेवले की केवळ स्वतःच्या भाराने जो रस तळाशी झिरपतो तो म्हणजे एसेन्सिया. त्यात लिटरमागे किमान ४५० ग्रॅम साखर असते, यीस्टला त्यात जगणेच अवघड होते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे रडतखडत आंबते आणि मद्यार्क अगदी थोडा राहतो. काचेच्या चमच्यातून ते चाटायचे असते. अनुभव म्हणून विलक्षण, वाइन म्हणून निरुपयोगी. त्या एका चमच्याला उरलेल्या सर्व चाखणीइतके पैसे पडले आणि पुन्हा ते मी देणार नाही.

चौथी बाटली तुलनेसाठी मी बुडापेस्टला आल्यावर उघडली : फ्रान्समधील बोर्दोच्या दक्षिणेकडील सोतेर्नची, ३७५ मिलिलिटरची. तिथेही युक्ती नद्यांचीच आहे. सिरों ही छोटी थंड नदी तुलनेने उबदार गारोनला मिळते आणि शरदात त्यावरून धुके उठते. तिथे सेमियों ही मुख्य जात, जोडीला सोव्हिन्यों ब्लाँ. वेचणारे लोक एकाच बागेतून अनेक फेऱ्या करतात आणि प्रत्येक फेरीत फक्त कुजून तयार झालेला माल उचलतात. तिथल्या सर्वांत नामांकित शातो दिकेम या वाइन उत्पादकाबद्दल असे म्हणतात की एका वेलीमागे एक पेला वाइन निघते, आणि साल वाईट गेले तर ते आपल्या नावाने बाटली काढतच नाहीत. २०१२ साली त्यांनी काढली नाही. माझी बाटली अर्थातच दिकेमची नव्हती, ती घेण्याची माझी ऐपत नाही. एका साध्या सोतेर्नचीच होती. तोकायीनंतर लगेच प्यायल्यावर ती मला साय घातलेल्या दुधासारखी वाटली : रुंद, मऊ, व्हॅनिला आणि अननसाची, गोडीत पाच पुट्टोन्योशपेक्षा थोडी कमी आणि तरीही अधिक गोड भासणारी. मद्यार्कही जास्त, चौदा टक्के. एकटीच समोर आली असती तर मी तिची स्तुतीच केली असती. पण नानांचे ते 'आंबट तसंच राहिलंय' एकदा कानात बसल्यावर, इथे ते आंबट कुठे आहे हे शोधण्यातच माझा पेला संपला.

दिवाळी असल्याने फराळाचे डबे घरात होतेच, म्हणून मी उरलेल्या बाटल्या त्यांच्याबरोबर चाखून पाहिल्या. युरोपात या वाइन निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर देतात. रोकफोर आणि सोतेर्न ही जोडी तर जुनीच आहे. त्यामागचे तत्त्व खाऱ्याने गोडाला आवर घालायचे हे आहे, आणि ते आपल्या फराळालाही लागू पडते. बेसनाच्या लाडवाबरोबर असू अक्षरशः बापुडवाणी झाली : लाडू तिच्यापेक्षा गोड, त्यामुळे वाइनमधली साखर जिभेला कळेना आणि नुसता आंबटपणा उघडा पडला. करंजी आणि शंकरपाळ्यांबरोबरही तेच. गोड पदार्थाबरोबर गोड वाइन ही सर्वांत पहिली आणि सर्वांत चुकीची कल्पना आहे. याउलट भाजणीच्या चकलीवर लोण्याचा गोळा ठेवून, सोबत पाच पुट्टोन्योशचा एक छोटा घोट घेतला आणि मी जागीच थांबले. भाजणीतल्या धण्याजिऱ्यांनी वाइनमधला मसाला वर काढला, लोण्याने तिची धार बोथट केली, मिठाने गोडीला कडा दिली. सामोरोद्नी कडबोळ्यांबरोबर आणि दुसऱ्या दिवशी केलेल्या सुरळीच्या वडीबरोबरही छान गेली. पातळ पोह्यांचा चिवडा मात्र नको. त्यातल्या हिरव्या मिरचीने सगळेच झोपवले.

आमच्या नाशिकला असे काही होते का, हा प्रश्न नानांनी परतीच्या वाटेवर मला विचारला. सुला या तिथल्या वाइन कंपनीची 'लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ' आहे, ती गोड आहे आणि मला आवडते. पण नावाप्रमाणे ती उशिरा तोडलेल्या, वेलीवर जास्त पिकलेल्या द्राक्षांची आहे, कुजीची नाही. तिच्यात फळ आहे, मध आहे, मेथ्या नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर माल जानेवारीपासून पुढे तयार होतो, आणि तेव्हा हवा कोरडी असते. ओल येते ती अवकाळी पावसाने, आणि तो पाऊस धुक्यासारखा सकाळी येऊन दुपारी निघून जात नाही. नानांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे ह्यांची कूज नियमाने वागती. आपली वागत नाही." त्यानंतर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती लागते, फवारणी मुळीच करत नाहीत का, हे त्यांचे प्रश्न बुडापेस्ट येईपर्यंत चालू होते.

खरेदीविषयी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. तोकायीच्या बाटल्या परंपरेने पांढऱ्या पारदर्शक काचेच्या असतात, वाइनचा रंग दिसावा म्हणून; आणि म्हणूनच त्या उजेडाला सर्वांत नाजूक. दोन वर्षांपूर्वी बुडापेस्टच्या पर्यटकी रस्त्यावरील एका दुकानातून मी उन्हात सजवून ठेवलेली पाच पुट्टोन्योश घेतली होती. ती उघडल्यावर तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि जर्दाळूचा मागमूसही नव्हता. तक्रार केल्यावर दुकानदाराने या वाइन अशाच असतात, असे सांगून मला वाटेला लावले. तेव्हापासून काचेच्या खिडकीत उभी असलेली बाटली मी घेत नाही. आतून, खोक्यातून काढून द्या म्हणून सांगते. दुसरे असे की लेबलवर 'तोकायी' हा शब्द आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्या नावाखाली कोरडी फुर्मिंटही येते आणि स्वस्तातली गोड 'लेट हार्वेस्ट'ही येते. 'असू' किंवा 'सामोरोद्नी' हा शब्द स्वतंत्रपणे छापलेला असला पाहिजे.

भारतात जाताना एका प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्कमुक्त नेता येते, आणि असूची बाटली अर्ध्या लिटरची असल्याने चार बाटल्या बरोबर त्यात बसतात. माझ्या भावासाठी मी तीन सामोरोद्नी आणि एक पाच पुट्टोन्योश अशी निवड केली आहे. सहाची एकही नाही. बाटल्या मी जाताना स्वतः नेईन, कारण नानांच्या बॅगेत त्या घालण्याचा विषय मी काढलासुद्धा नाही. प्यायच्या आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवावी, दहा-बारा अंशांवर आणावी, साधा पांढऱ्या वाइनचा पेला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरावा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर साखर आणि आम्ल दोघेही तिला सांभाळतात. माझ्याकडची पाच पुट्टोन्योश आज उघडून चोविसावा दिवस आहे. जर्दाळू थोडे मागे गेले आहे, मेथ्या पुढे आल्या आहेत, आणि आंबट अजून तसेच आहे.